पूर्णाकाठचे मीठ

एप्रिल १९३०. दांडीच्या किनाऱ्यावर महात्मा गांधींनी मूठभर मीठ उचलल्याला अजून महिनाही झाला नव्हता. गुजरात, कोकण, तमिळनाडू, ओडिशा असा जिथे जिथे समुद्र होता, तिथे तिथे लोक खारे पाणी कढईत ओतून चुलीवर ठेवत होते. वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्यात खरोखरीचे मीठ तयार झाले. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा या गावी सत्याग्रही जमले, तिथल्या खाऱ्या विहिरीचे पाणी त्यांनी शेंदले, आटवले आणि कायदा मोडला. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते त्या काळात वऱ्हाडातल्या कायदेभंगाच्या आघाडीवर होते. पुढे जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला, आणि विदर्भाच्या इतिहासात त्याचे नाव अधिक मोठे झाले. दहीहंड्याची आठवण मागे पडली.

ती मागे पडू नये. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात विहिरीच्या पाण्यातून मीठ निघाले, हा त्या दिवसाचा चमत्कार नव्हता. पूर्णा नदीच्या खोऱ्यात ते शतकानुशतके निघत होते. सत्याग्रहींनी एक दिवस कढईत आटवलेले पाणी इथली माणसे पिढ्यान्पिढ्या पीत आली होती. या मुलखाच्या मिठाचा इतिहास सांगायचा, तर तो विहिरीपाशी संपवता येत नाही. तो माणसाच्या आतड्यातून, रक्तातून आणि मूत्रपिंडातूनही सांगावा लागतो.

मिठाच्या विहिरी

अकोट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. उत्तरेला नरनाळ्याचा किल्ला आणि मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला पूर्णेपर्यंत उतरत गेलेली काळीभोर सपाटी. डोंगरातून आलेल्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू टाकली. त्या भरड थरात पावसाचे पाणी झिरपते आणि विहिरींना गोडे पाणी लागते. संत्र्याच्या बागा, केळी, पानमळे आणि पानपिंपरी या पट्ट्यात पिकते ती त्यामुळेच. पण अकोटहून अकोल्याच्या वाटेला लागले, की चोहोट्टा बाजाराच्या बाजूला जमिनीचा स्वभाव बदलतो. बागा विरळ होतात. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते तोंडात घेववत नाही. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे.

हे पाणी खारे का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधला भाग भूकवचाच्या हालचालींत खचला, आणि त्या खोलगट पन्हाळीत नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. या गाळात बारीक चिकणमातीचे थर जास्त. त्यातून पाणी पुढे सरकत नाही, साचून राहते. हवा कोरडी, ऊन कडक. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या हिशेबाची शिल्लक म्हणजे आजचे खारे भूजल.

जुन्या काळच्या लोकांना या शिलकीचा उपयोग ठाऊक होता. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरांनी पूर्णेच्या खोऱ्यातल्या मिठाच्या विहिरींची नोंद केली आहे. खोल विहीर खणून खारे पाणी वर काढायचे, वाफ्यांत पसरायचे आणि उन्हावर सोडायचे, असा तो धंदा. समुद्रकाठचे मीठ बैलांच्या पाठीवरून इथवर यायला महिने लागत. तोवर हे देशी मीठ गरिबाच्या भाकरीला पुरे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि तिच्याबरोबर मुंबईकडचे मीठ आले. ते मीठ सरकारी कर भरून आलेले होते. करावाचून मीठ पिकवणाऱ्या विहिरी सरकारला नको होत्या. वऱ्हाडातले मिठाचे उत्पादन बंद पाडण्यात आले, आणि १८८२ च्या मीठ कायद्याने सरकारची मक्तेदारी साऱ्या देशावर पक्की केली. मीठ पिकवणे गुन्हा ठरले. त्याच विहिरीचे पाणी पिणे मात्र चालू राहिले. १९३० मध्ये दहीहंड्याच्या सत्याग्रहींनी या अन्यायाच्या पहिल्या भागावर बोट ठेवले. दुसऱ्या भागाकडे लक्ष जायला पुढची कित्येक दशके गेली.

खारा घोट शरीरात शिरतो तेव्हा

त्या दशकांमध्ये शरीरशास्त्राने मोठी मजल मारली. पाण्यातल्या क्षारांचे माणसाच्या आत काय होते, हे आज आपल्याला बरेच नीट सांगता येते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात वावरात राबणाऱ्या माणसाने खाऱ्या विहिरीचा तांब्या तोंडाला लावला, की त्याच्या देहातली एकूण एक संस्था कामाला लागते.

पहिली पाळी पचनसंस्थेची. प्यायलेले पाणी आणि शरीरानेच सोडलेले पाचकरस मिळून दिवसाला सुमारे ८ ते ९ लिटर द्रव आतड्यांतून जातो, आणि जवळजवळ सगळा रक्तात परत शोषला जातो. या शोषणाची किल्ली सोडियमकडे आहे. आतड्याच्या पेशी सोडियम आत घेतात आणि पाणी त्याच्या मागोमाग येते. साखर सोबत असली तर हे काम आणखी वेगाने होते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले, ते याच तत्त्वावर. म्हणजे मीठ हे विष नव्हे. पण खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात साध्या मिठासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे कितीतरी क्षार असतात. सल्फेट आणि मॅग्नेशियम जास्त झाले, की आतडे पाणी धरून ठेवते आणि जुलाब होतात. या गावांत नव्याने आलेल्या पाहुण्याचे पोट बिघडते, ते म्हणून.

रक्तात पोहोचलेले सोडियम तिथे उपरे नसते. निरोगी माणसाच्या रक्तात ते दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राखलेले असते. मज्जासंस्थेचा प्रत्येक संदेश म्हणजे पेशीच्या पापुद्र्यातून सोडियम आत जाणे आणि पोटॅशियम बाहेर येणे. केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड मज्जातंतूवर हे गणिताने सिद्ध केले. हृदयाचा ठोका आणि स्नायूंचे आकुंचनही याच देवघेवीवर चालते. सोडियम फार उतरले तर माणूस भ्रमिष्ट होतो, फार चढले तरी होतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी मांडले होते, की बाहेरचे जग कितीही बदलो, शरीर आपल्या आतले पाणी स्थिर ठेवते आणि या स्थिरतेवरच प्राण्याचे स्वातंत्र्य उभे असते. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याचे शरीर ही स्थिरता रोज कष्टाने कमावते.

रक्तातला खारेपणा अगदी थोडा वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळते. तो दोन हुकूम सोडतो: तहान लागते, आणि पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात उतरते, जे मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगते. त्वचा दुसऱ्या बाजूने पाणी खर्च करत असते. कडक उन्हातल्या कष्टाने तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तो गेला नाही तर देह तापून निकामी होईल. त्यामुळे माणूस पुन्हा पितो, आणि जवळ खारेच पाणी असेल तर तहान भागवताना क्षारही आणखी घेतो.

आता सगळा भार मूत्रपिंडांवर येतो. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेले, मुठीएवढे हे दोन अवयव. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म नलिका. त्यांची रचना लंडनच्या विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये सूक्ष्मदर्शकातून उलगडली. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकेका नलिकेत केसाहून बारीक काचनळी घालून आतला द्रव काढला आणि काम कसे चालते ते दाखवले. ती पद्धत पाहून थक्क व्हायला होते. दिवाळीच्या साफसफाईला घरातले सगळे सामान अंगणात काढावे आणि हवे तेवढेच परत आत न्यावे, तसे मूत्रपिंड करते. हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा तिथे जातो. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतला जातो. उरते ते दीड-दोन लिटर मूत्र. त्या १८० लिटरमध्ये जवळपास दीड किलो मीठ असते. आपण खाल्लेले काही ग्रॅम तेवढे बाहेर टाकून बाकीचे सगळे मूत्रपिंड परत आणते. हे रोज, जन्मभर चालते.

किती टाकायचे आणि किती ठेवायचे, हे ठरवायला संप्रेरकांची साखळी असते. रक्ताचा जोर कमी झाला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून पुढे अधिवृक्क ग्रंथीतले आल्डोस्टेरॉन जागे होते आणि मीठ राखले जाते. मीठ-पाणी जास्त झाले तर उलट निरोप खुद्द हृदय देते. ताणलेल्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून असा पदार्थ निघतो, जो मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावतो, हे १९८१ मध्ये कॅनडाच्या आडोल्फो दे बोल्ड यांनी दाखवून दिले. हृदय नुसता पंप नाही, तेही एक ग्रंथी आहे, हे तेव्हा कळले.

निभावून नेण्याची किंमत

आता थोडा हिशेब करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर कमाल २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावेत. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक विहिरी आणि कूपनलिका या कमाल मर्यादेच्याही पुढे असतात. समजा पाण्यात लिटरला ३००० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि उन्हात राबणारा माणूस दिवसाला ५ लिटर पितो. नुसत्या पाण्यातूनच १५ ग्रॅम क्षार पोटात गेले. ते सगळे साधे मीठ नसले, तरी बहुतेक बाहेर काढायचे काम मूत्रपिंडांचेच. ताटातले मीठ, चटणी, लोणचे वेगळेच; आणि दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरीही माणूस कोसळत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे बाहेर टाकण्याइतके घट्ट मूत्र माणूस करू शकत नाही. म्हणून समुद्राचे पाणी पिणारा तहानेनेच मरतो. विहिरीचे पाणी त्या मानाने फार सौम्य आहे. शरीर ते निभावून नेते. या मुलखाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. दुष्काळात जनावरे मरतात, पटकीत गाव ओस पडते, आणि सरकारला हलावे लागते. खाऱ्या पाण्याने असे काहीच एका रात्रीत होत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, गोड्या पाण्यासाठी बायका मैलोगणती चालतात, पण माणसे जगत राहतात. त्यांची मूत्रपिंडे एवढी कार्यक्षम होती, की इंग्रज सरकारला आणि नंतरच्या आपल्या सरकारांनाही वाट पाहणे परवडले.

मूत्रपिंडाचा आजारही असाच मुका असतो. निम्म्याहून अधिक कार्यशक्ती जाईपर्यंत तो बहुधा कळतच नाही. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सुजलेली अंगे, मूत्रातून जाणारी प्रथिने आणि शवविच्छेदनात दिसणारी आक्रसलेली मूत्रपिंडे यांचा संबंध जोडला, तोवर जलोदर आणि सूज यांचे हे मूळ वैद्यांच्याही ध्यानात नव्हते. मूत्रपिंड थकले की ते एकटे पडत नाही. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगणारे संप्रेरक तिथेच तयार होते. ते घटले की रक्त फिके पडते आणि माणसाला दम लागतो. ड जीवनसत्त्वाला अखेरचे कार्यक्षम रूप तिथेच मिळते. ते मिळेनासे झाले की हाडे ठिसूळ होतात. साचलेले पाणी फुप्फुसांत उतरते, रक्तदाब चढतो, हृदय जाड होते. रक्तात राहिलेल्या टाकाऊ द्रव्यांनी मळमळ सुटते, अंगाला खाज येते आणि शेवटी शुद्ध हरपते. श्वसन, रक्ताभिसरण, अस्थी, पचन, मज्जा अशा पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या धड्यांत शिकवलेल्या संस्था इथे एकाच वेळी आजारी पडतात.

पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत, मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. गावकरी बोट दाखवतात ते पाण्याकडे. वैद्यकशास्त्र अधिक सावधपणे बोलते. जगभर मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. शिवाय मध्य अमेरिकेतले ऊसतोड कामगार, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतकरी आणि आंध्रातल्या उद्दानम भागातले रहिवासी यांच्यात असा मूत्रपिंडविकार आढळला, ज्यामागे मधुमेह नव्हता आणि रक्तदाबही नव्हता. तिथे कडक उन्हातले कष्ट, वारंवार होणारे निर्जलीकरण, भूजलातली द्रव्ये, कीटकनाशके आणि वेदनाशामक गोळ्या या सगळ्यांची तपासणी झाली. एकच एक गुन्हेगार सापडला नाही. बांगलादेशच्या खाऱ्या किनारपट्टीवर पिण्याच्या पाण्यातले सोडियम आणि लोकांचा, गरोदर स्त्रियांचाही, वाढलेला रक्तदाब यांचा संबंध संशोधकांना दिसला. वऱ्हाडातला शेतमजूर ऊन, घाम, फवारणी, अंगदुखीवरची गोळी आणि खारे पाणी हे सगळे एकाच देहावर झेलतो. यातल्या प्रत्येकाचा वाटा ठरायची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पाणी ही त्यातली अशी गोष्ट आहे, जी बदलणे शासनाच्या हातात आहे.

गोड्या पाण्याची वाट

ती बदलण्याचे प्रयत्न झाले, हेही नोंदले पाहिजे. सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीवर तेल्हारा तालुक्यात वारी इथे धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. तिथले डोंगरी गोडे पाणी जलवाहिन्यांनी अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतल्या खाऱ्या गावांना देणारी ८४ खेडी योजना उभी राहिली. नळाला गोडे पाणी आले, त्या घरातल्या बाईचे दिवसाचे कित्येक तास वाचले आणि घरातल्या प्रत्येकाच्या मूत्रपिंडांचे ओझे उतरले. पण एका धरणावर अनेकांचा हक्क असतो. वानचे पाणी आणखी गावांना आणि शहरांना देण्याचे ठरू लागले, तेव्हा ज्यांची शेती त्या पाण्यावर आहे, त्या शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला. पिणाऱ्याची गरज खरी आणि पिकवणाऱ्याचीही खरी. हा तंटा दोन तालुक्यांनी आपसात लढून सुटणारा नाही. पायथ्याच्या भरड पट्ट्यात पावसाचे पाणी मुरवणे, खारपाणपट्ट्यात शेततळ्यांत पावसाचे गोडे पाणी साठवणे, अशी कामे सगळीकडे झाली तरच धरणावरचा ताण कमी होईल.

जिथे नळ रोज येत नाही, तिथे लोक शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याचे कॅन विकत घेतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो पुन्हा हातपंपाकडे वळतो. आणि ज्याचे मूत्रपिंड थकले, त्याची वाट डायलिसिसकडे जाते. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजला वापरतात त्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड बनवले. आज आठवड्यातून साधारण तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, रुग्णाला त्या यंत्राला जोडावे लागते. एका खेपेला १२० लिटरच्या आसपास अतिशुद्ध पाणी लागते. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून या उपचाराचा खर्च मिळतो, पण खेड्यातून शहरापर्यंतचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा दिवस यांची भरपाई होत नाही. निरोगी मूत्रपिंड जे काम झोपेतही करते, त्याचा एक भाग यंत्राकडून करून घ्यायला एवढे सगळे लागते.

म्हणून या पट्ट्यात प्रत्येक गावाच्या पाण्याची तपासणी होऊन आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजले गेले पाहिजे. या तपासण्या स्वस्त आहेत आणि मुका आजार त्यांना वेळेवर सापडतो. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेऊ नयेत, हे प्रत्येक वावरापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि सर्वांत आधी, गोडे पाणी रोज, पुरेसे आणि फुकटाच्या जवळच्या दरात मिळाले पाहिजे.

इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि तो कर एका लढ्याने जगासमोर उघडा पाडला. पाण्यातल्या मिठाचा कर मात्र पूर्णाकाठची माणसे अजून भरत आहेत, तोही आपल्या देहातून. तो उठवण्यासाठी कायदा मोडायची गरज नाही. धरण, जलवाहिनी, शेततळे आणि आरोग्य केंद्र यांवर वेळेत आणि प्रामाणिकपणे केलेला खर्च पुरेसा आहे, आणि तो मागण्याचा खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला पूर्ण अधिकार आहे.